शंभर यार्ड

१

शाळेची बस गॅरेजला लावून अर्डिस मोएन सव्वानऊपर्यंत घरी पोचायची. दुपारी अडीचला परत निघायची. मधले पाच तास तिचे; पण मे महिन्यापासून ते लोवेलला उठवण्यात, पुसून काढण्यात आणि भरवण्यात जात होते. लोवेल तिचा नवरा. ट्रॅक्टरवरून उतरताना त्याला झटका आला. उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. डोळे तेवढे पहिल्यासारखे राहिले. आपण बोललेलं त्याला कळतं की नाही, हे अर्डिसला त्या डोळ्यांवरून काही ठरवता येत नव्हतं.

ऑक्टोबर निम्मा सरला होता. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी शिकारीचा हंगाम उघडणार होता. मोंटानाच्या त्या माळावर हिवाळ्याचं मांस म्हणजे हरणाचं मांस. विकत आणायची तिथे कुणाला सवय नाही. इतकी वर्षं दोघं जोडीनं जात. लोवेल दुर्बीण लावून पोटावर पडायचा, अंतर सांगायचा, आणि अर्डिस गोळी झाडायची. नेम तिचा, अंतर त्याचं, अशी वाटणी लग्नाच्या पहिल्या वर्षीच झाली होती. यंदा तिला एकटीला जायचं होतं.

त्यातून रायफलवरची जुनी दुर्बीण गेल्या डिसेंबरात पिकअपमधून पडून फुटली होती. धाकटा दीर व्हर्लिन यानं नवी आणून बसवली. हा चार मैलांवर एकटाच राहायचा, आणि अर्डिस बसवर असली की लोवेलजवळ येऊन बसायचा. नवी दुर्बीण बसवली की नेम पुन्हा जुळवावा लागतो. आधी ठरवायचं, कितीवर जुळवायचा.

व्हर्लिनचं म्हणणं, दोनशे यार्ड. माळरान आहे, हरीण लांबच दिसणार. दोनशेवर नेम बसला की अडीचशेपर्यंत डोकं चालवायला नको.

अर्डिस म्हणाली, "मी ओढ्याच्या झाडीत बसणार. तिथं शंभराच्या पुढचं दिसतंय कुणाला? माझे डोळे एकसष्ट वर्षांचे आहेत, व्हर्लिन."

"शंभरावरच लावायची तर रायफल कशाला? गोफण घे की."

"तू दोनशेवर लावतोस, आणि मांस मागायला माझ्याकडे येतोस."

व्हर्लिन हसला आणि सूर्यफुलाच्या बियांची टरफलं हातातल्या कपात थुंकला. शंभर ठरलं.

२

स्वयंपाकघराच्या उत्तरेकडच्या खिडकीखाली, भिंतीला लागूनच, दोन पिंपांवर जुनं दार आडवं टाकून लोवेलनं टेबल केलेलं होतं. तिथून शंभर पावलांवर गवताच्या गठ्ठ्यांना टेकलेली फळी. तिच्यामागे जमीन हळूहळू चढत कुंपणापर्यंत जाई, आणि कुंपणापलीकडे गव्हाच्या कापलेल्या रानाचे पिवळे खुंट. त्या बाजूला नऊ मैल घर नव्हतं.

सोमवारी सकाळी अर्डिसनं लोवेलची खुर्ची खिडकीशी आणली, काच वर सरकवली, त्याच्या गुडघ्यांवर गोधडी टाकली आणि बाहेर जाऊन टेबलाशी बसली. पहिल्या दोन गोळ्या पंचवीस यार्डांवरच्या कागदावर, फक्त कुठे जातात ते पाहायला. मग शंभरावर. तीन गोळ्या झाडायच्या, चालत जाऊन भोकं बघायची, परत येऊन दुर्बिणीचा स्क्रू तितक्या खाचा फिरवायचा. हे काम तिला आवडायचं. त्यात घाई करून काही मिळत नाही.

भोकं मधल्या ठिपक्याच्या चार इंच डावीकडे पडत होती. ती स्क्रू फिरवत असताना मागून आवाज आला.

"चारशे दहा."

बसक्या, पण स्पष्ट आवाजात. अर्डिसनं वळून पाहिलं. लोवेल खिडकीतून समोर पाहत होता. पाच महिन्यांत त्याच्या तोंडून निघालेला तो पहिला शब्द.

ती धावत आत गेली. त्याचा चेहरा तिनं दोन्ही हातांत धरला, नाव घेऊन हाका मारल्या, काय म्हणालास, परत म्हण, असं पुन्हा पुन्हा विचारलं. तिच्या खांद्यावरून त्याची नजर बाहेरच राहिली. थोड्या वेळानं तिनं डोळे पुसले आणि लेझरचं अंतरमापक घेऊन बाहेर आली. कुंपण तीनशे अठ्ठ्याऐंशीवर होतं. चारशे दहा म्हणजे कुंपणापलीकडचं रान. तिथे खुंटांशिवाय काही नव्हतं.

बोलायला शिकवणाऱ्या बाईंना तिनं फोन केला. त्यांना आनंद झाला. त्या म्हणाल्या, अशा माणसांत प्रार्थना, शिव्या आणि आकडे पुष्कळदा शिल्लक राहतात. ते मेंदूच्या दुसऱ्या कप्प्यात असतात. त्याला बोलू द्या. अर्थ शोधत बसू नका.

३

मंगळवारी तो म्हणाला, तीनशे पासष्ट. बुधवारी, तीनशे वीस. दिवसातून आठ-दहा वेळा, त्याच सुरात. पूर्वी झुडपाआड पडून ती रायफल रोखायची आणि तो कानाशी आकडा सांगायचा, तो हाच सूर. त्या सुरामुळेच अर्डिसला अर्थ न शोधणं जड जात होतं. आकडे उतरत होते, यालाही तिनं कारण शोधलं. उतरतं मोजणं हा मेंदूला लागलेला चाळा असेल.

गुरुवारी नेम जवळपास बसला. तीन भोकं एका कपाच्या तोंडाएवढ्या जागेत, ठिपक्याच्या जरा वर. व्हर्लिन त्या दिवशी लवकर आला होता आणि आत लोवेलपाशी बसून ॲपल-पाय खात होता. आदल्या रात्रीचा.

"दोनशे नव्वद," लोवेल म्हणाला.

नव्या दुर्बिणीच्या डाव्या अंगाला एक चाक होतं. जुन्या दुर्बिणीला ते नव्हतं. ज्या अंतरावर चाक आणावं तेवढ्या अंतरावरचं चित्र स्वच्छ होतं आणि बाकीचं विरघळतं. अर्डिसनं आजवर ते शंभरावरून हलवलं नव्हतं. आता, कशाला ते तिला नीट सांगता आलं नसतं, तिनं ते फिरवून तीनशेच्या जरा अलीकडे आणलं.

फळी धूसर झाली. फळीमागचा उतार धारदार झाला. गवताची पाती वेगळी दिसू लागली. आणि त्या गवतात एक सरळ, आडवी कड होती. टेबलाची असते तशी. कडेमागे काहीतरी वाकलेलं होतं. एक खांदा वर, एक खाली. रायफलच्या दस्त्याला गाल लावून बसलं की माणसाचे खांदे असेच दिसतात.

तिनं डोळा काढला. उतारावर गवत होतं आणि ऊन होतं. परत डोळा लावला. तिचा श्वास काचेवर बसला होता. पुसून पाहीपर्यंत कड दिसेनाशी झाली होती.

तिनं रायफल रिकामी केली, गोळी चढवणारा बोल्ट काढून खिशात टाकला आणि चालत निघाली. एवढ्यासाठी मनात धास्ती घेऊन बसणाऱ्यांतली ती नव्हती. फळी ओलांडली, उतार चढली. सावलीतल्या गवतावर सकाळचं दव अजून गोठलेलं होतं. जिथे तिनं पाहिलं असं तिला वाटत होतं, तिथे एक तुकडा कोरडा होता. टेबलाएवढा. अर्डिस त्याच्याकडे बराच वेळ पाहत उभी राहिली. रात्री हरीण बसतं तिथे दव पडत नाही. हे कुणीही सांगेल. हरणाची जागा गोल असते एवढंच.

तिनं मागे वळून पाहिलं. तिथून घर फार नीट दिसत होतं. पांढरी भिंत, उघडी खिडकी, खाली तिचं टेबल आणि त्यावरचा लाल थर्मास. तिला थंडी वाजली आणि ती परतली.

व्हर्लिन दारातच होता. बशी हातात, तोंडभर हसू.

"आज गडी खुशीत आहे," तो म्हणाला. "तू गेलीस तसा मोजायला लागला. उलटं. दोनशे पन्नास, दोनशे, दीडशे, चाळीस. रॉकेट सोडताना मोजतात ना, तसं."

"आणि शेवटी?"

"शेवटी चार. वर जाऊन उभी राहिलीस ना तू, तेव्हा किती तरी वेळ चारच म्हणत होता. मग आलीस तसं परत वाढवत नेलं."

अर्डिसनं त्याच्या हातून बशी घेतली आणि नळाखाली धरली. ती चालत होती घरापासून लांब. लोवेल तिचं अंतर मोजत असता तर आकडा वाढायला हवा होता.

बशी स्वच्छ झाल्यावरही तिनं नळ बंद केला नाही.

४

शुक्रवारी ती टेबलाशी बसली तेव्हा तिला नेम बसवायचा नव्हता. व्हर्लिन घरी नव्हता. तिनं गोळी भरली, गाल दस्त्याला लावला आणि वाट पाहिली.

"दोनशे साठ," मागून आवाज आला.

तिनं चाक दोनशे साठवर आणलं.

आज कड लगेच सापडली. तिच्यावर वाळूच्या पिशव्या होत्या, तिच्या स्वतःच्या हाताखाली होत्या तशाच. पिशव्यांवर एक काळं वर्तुळ. एखाद्या वाटीच्या तोंडाएवढं, आणि त्यात उन्हाची एक ठिणगी. दुर्बिणीच्या पुढच्या काचेत समोरून पाहिलं तर असं दिसतं. अर्डिसला हे ठाऊक होतं, पण समोरून पाहण्याची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. वर्तुळाच्या मागे चेहरा असायला हवा होता. तिथे टोपीची सावली होती. ते हलत नव्हतं. तिच्यासारखंच ते वाट पाहत होतं.

"दोनशे साठ," लोवेल पुन्हा म्हणाला, हलक्या आवाजात.

चाळीस वर्षं या आवाजानंतर तिनं चाप दाबला होता. बोट आपोआप चापावर गेलं. नेम शंभराचा, अडीचशेच्या पुढे गोळी वीतभर खाली जाणार, म्हणजे दुर्बिणीतली फुली टोपीच्या वर धरली तर गोळी बरोबर…

तिथे ती थांबली. माणसाच्या आकारावर गोळी कुठे बसेल याचा हिशोब आपण करतो आहोत, हे तिच्या ध्यानात आलं. उद्या कळलं की ते कुणाचं पोर होतं, कुणी वाट चुकलेला होता, तर? रोज सकाळी एकतीस मुलं ती शाळेत नेऊन सोडत होती. तिनं बोट काढलं. गोळी काढली. उठून हात वर केला आणि मोठ्यानं विचारलं, कोण आहे तिथे, काय पाहिजे.

उतारावर नुसतं गवत डोलत होतं. उत्तर येईल असं तिलाही वाटलं नव्हतं.

ती आत वळली तेव्हा लोवेल खिडकीबाहेर पाहत नव्हता. तो तिच्याकडे पाहत होता. त्या नजरेत राग होता की भीती, की नुसतं लक्ष होतं, हे तिनं पुढे पुष्कळ वेळा आठवून पाहिलं. इतकंच कळलं की तो कुणाला तरी अंतर सांगत होता. तिला सांगत होता असं ती आतापर्यंत धरून चालली होती.

५

तिनं रायफल कपाटात ठेवली आणि किल्ली पिठाच्या डब्यात टाकली. उत्तरेचा पडदा लावून घेतला. लोवेलची खुर्ची दक्षिणेकडच्या खोलीत नेली, जिथून फक्त कोठार आणि रस्ता दिसतो. शनिवारी तो दोनशे दहा म्हणाला, रविवारी चर्चहून आल्यावर एकशे साठ. तिनं व्हर्लिनला सांगून पाहिलं. सगळं नाही, थोडंसं. व्हर्लिननं पडदा सारून लोवेलच्या दुर्बिणीतून उतार पाहिला, बराच वेळ, आणि काही दिसत नाही म्हणाला. मग संकोचून म्हणाला की सहा महिने तू नीट झोपलेली नाहीस, अर्डिस. हवं तर मी रात्रीचाही राहीन.

सोमवारी आकडा शंभरावर आला आणि तिथेच राहिला.

मंगळवारीही शंभर. अर्डिसनं घरातल्या घरात फिरून पाहिलं, कोठारात जाऊन आली, अंगणाच्या टोकाला उभी राहिली. व्हर्लिनला विचारलं तर तो म्हणे, शंभरच. बरं झालं, स्थिर झाला एका आकड्यावर. उतरत होता तेव्हा मलाच कसंतरी व्हायचं.

बुधवारी बस गॅरेजला लावून आल्यावर तिनं कोट न काढताच विचारलं, "सकाळी काय म्हणत होता?"

"काय म्हणणार? शंभर."

"मी बसवर असताना?"

"साडेसहापासून आत्तापर्यंत. दर पाच मिनिटांनी."

अर्डिस खुर्चीत बसली. साडेसहापासून ती बावन्न मैल फिरून आली होती. अकरा फाटकांशी थांबली होती, आणि तेवढा सगळा वेळ ते तिच्यापासून शंभरावरच होतं. प्रत्येक फाटकाशी बसचं दार उघडून, आत येणाऱ्या मुलाकडे तोंड करून ती थांबायची, मूल जागेवर बसेपर्यंत. तिच्या आणि रस्त्याच्या मधोमध ते मूल.

तिनं शाळेला फोन केला आणि सांगितलं, डोळ्यांना त्रास होतो आहे, उद्यापासून दुसरा चालक बघा. तिकडच्या बाईंनी काळजीनं चौकशी केली. अर्डिसनं सांगितलं की किती दिवस ते आता सांगता येत नाही.

शिकाऱ्याची रीत तिला माहीत होती. आधी लांबून पाहायचं, मग जवळ सरकायचं, आणि आपलं अंतर सापडलं की मग सरकायचं नाही.

६

हंगामाचा पहिला शनिवार. लोवेलचं रक्ताचं औषध संपलं होतं, म्हणून अर्डिस गावात गेली. व्हर्लिन स्वतः शिकारीला न जाता घरी थांबला. तिनं न सांगता त्यानं ते केलं होतं.

दुकानासमोरचा गाड्यांचा तळ भरलेला होता. दुपारचे बारा वाजले होते आणि लखलखीत ऊन होतं. नारिंगी जाकिटं घातलेली माणसं कॉफीचे कप धरून पिकअपच्या मागे उभी होती, एकमेकांची हरणं पाहत होती, शिंगं बोटांनी मोजत होती. दोघातिघांनी अर्डिसला हात केला. लोवेल कसा आहे, विचारलं. ती म्हणाली, बोलायला लागलाय थोडं.

औषध घेऊन दारातून बाहेर आल्यावर तिनं घरी फोन लावला. व्हर्लिननं उचलला. मागे लोवेलचा आवाज ऐकू येत होता. विचारायची गरज नव्हती.

तिनं फोन कानाला तसाच धरून तळावर नजर टाकली. घाई केली नाही. पलीकडच्या टोकाला, धान्याच्या दुकानाच्या अलीकडे, माणसं ये-जा करत होती. सामानाच्या ढकलगाड्या घेऊन बायका चालल्या होत्या. आणि एका ठिकाणी त्या सगळ्या जरा वळत होत्या. तिथे गाडी उभी नव्हती, खांब नव्हता, डबकं नव्हतं. एक माणूस फोनवर बोलत, खाली मान घालून आला, त्या जागेशी आल्यावर डावीकडे झाला आणि पुढे जाऊन परत आपल्या रेषेत आला. त्याचं बोलणं तुटलं नाही. एक कुत्रं मालकाच्या मागून येत होतं, ते तिथून पुढे यायला तयार होईना. मालकानं त्याला उचलून घेतलं आणि वळसा घातला.

टेबलाएवढी जागा. अर्डिसनं मनात मोजलं. शंभर यार्ड, एखादं इकडे-तिकडे.

"अर्डिस? आहेस ना?" व्हर्लिन म्हणाला.

"आहे. फोन ठेवू नकोस. लोवेलजवळ धर."

गेले पाच दिवस अंतर ते ठरवत होतं आणि ती ठरवू देत होती. तिला याचा कंटाळा आला होता. भीतीपेक्षा कंटाळा मोठा होता असं म्हणता येईल. शिवाय तिला एक गोष्ट माहीत होती. चालत्या जनावरावर चांगला शिकारी गोळी झाडत नाही. जखमी होऊन पळतं. तिनं औषधाची पिशवी कोटाच्या खिशात कोंबली आणि सरळ त्या जागेकडे चालायला लागली.

"नव्वद," फोनमध्ये लोवेल म्हणाला.

ती चालत राहिली. कुणीतरी नमस्कार केला, तिनं मान हलवली.

"ऐंशी."

"त्यानं परत उतरायला सुरुवात केली," व्हर्लिनचा आवाज आला. "तू करतेयस तरी काय तिथं?"

"सत्तर."

आता त्या जागेवरची हवा तिला वेगळी दिसत होती, तापलेल्या रस्त्यावर दिसते तशी. पण तापायला ते दिवस उन्हाळ्याचे नव्हते. मागच्या दुकानाची पाटी त्यातून किंचित वाकडी दिसत होती. एक खांदा वर, एक खाली. टोपीची कड. आज सावलीत काहीतरी होतं, तिला एवढ्यात दिसलं असतं. आणखी वीस पावलं, मग दिसलं असतं.

"साठ."

चालणारं हरीण थांबवायचं असेल तर शिकारी तोंडानं हलकासा आवाज करतो. हरीण कुतूहलानं थांबतं, मान वर करतं, आणि तेवढा क्षण पुरतो. लोवेलला ते सुरेख जमायचं. दरवर्षी तिच्या कानाशी पडून तो ते करायचा, आणि ती चाप दाबायची.

फोनमध्ये आकडा आला नाही. खुर्ची करकरली. मग लोवेल बोलला. नीट, सबंध, झटका येण्यापूर्वी बोलायचा तसा, त्याच्या सगळ्या मायेसकट.

"थांब, अर्डिस."

"ऐकलंस?" व्हर्लिन फोनमध्ये ओरडला. "नाव घेतलं त्यानं तुझं. अर्डिस, ऐकलंस का?"

तिनं ऐकलं होतं. तो तिला वाचवायला बोलला की कशाला, हा विचार मनात यायच्या आधीच चाळीस वर्षांच्या सवयीनं तिचे पाय थांबले, आणि तिनं मान वर केली.